सोसायटीच्या आवारात सामूहिक पोंगल : तारीख ठरवण्यापासून राख विझेपर्यंत

मुंबईत धारावीच्या 90 फूट रस्त्यावर पोंगलच्या, म्हणजे तमिळ सुगीच्या सणाच्या, सकाळी बायका ओळीनं चुली मांडतात आणि उघड्यावर भांडी चढवतात. ते पाहून किंवा शेजारच्या तमिळ कुटुंबांच्या आग्रहानं आता अनेक सोसायट्यांत सामूहिक पोंगल होऊ लागलाय. पण बहुतेक ठिकाणी तो चुकीच्या टोकानं सुरू होतो. आधी स्टेज, बॅनर, माइक आणि प्रमुख पाहुणे ठरतात, आणि ज्याला पोंगलच म्हणतात तो सणाचा भात केटररकडून स्टीलच्या डब्यात येतो. सूर्यासमोर दूध उतू जाणं, त्याच भांड्यात तिथल्या तिथे तांदूळ शिजणं आणि तो सगळ्यांनी मिळून खाणं, हा या दिवसाचा गाभा आहे. तो सांभाळला तर स्टेज नसला तरी काही बिघडत नाही. म्हणून पुढची सगळी आखणी त्या उतू जाण्याच्या क्षणापासून उलटी मोजत केली आहे.

1. तारीख आणि वेळ (दीड महिना आधी)

पहिली चूक इथेच होते. मकर संक्रांत आणि पोंगल दोन्ही सूर्याच्या मकरप्रवेशाशी बांधलेले आहेत, म्हणून दोन्ही एकाच दिवशी येणार असं आपण धरून चालतो. 2025 मध्ये ते 14 जानेवारीलाच आले. पण 2026 मध्ये महाराष्ट्रात संक्रांत 14ला होती आणि तमिळनाडूत पोंगलची सुट्टी 15ला. म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी तमिळ घरांत भोगी चालू होती. हॉल, मडकी, ऊस सगळं 14 तारखेला धरून ठरवलं असतं, तर घरची भोगी सोडून कोण चूल पेटवायला आलं असतं?

तारीख तमिळ दिनदर्शिकेतून घ्या. रोज एक पान फाडायची तमिळ कॅलेंडरं माटुंग्याच्या दुकानांत नवीन वर्षाआधी मिळतात. तै महिन्याचा पहिला दिवस म्हणजे मुख्य पोंगल. त्याच्या आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल आणि तिसऱ्या दिवशी काणुम पोंगल.

वेळेचीही गफलत होते. जानेवारीच्या मध्याला चेन्नईत सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास उगवतो, तर मुंबईत सव्वासातच्या आसपास. चेन्नईहून आलेल्या मेसेजमधली वेळ मुंबईत जशीच्या तशी पाळलीत तर अंधारातच दूध उतू जाईल. आपल्या गावाचा सूर्योदय पाहा आणि घरातल्या ज्येष्ठांना ‘नल्ल नेरम’ म्हणजे शुभ वेळ विचारा. काही घरं राहुकाळ कटाक्षानं टाळतात, त्यांनाही आधीच विचारून ठेवा.

*तपासा :* तारीख किमान दोन तमिळ कुटुंबांकडून पक्की झाली का? पाळण्याची वेळ कागदावर लिहिली का?

2. माणसं, आमंत्रण, परवानगी (एक महिना आधी)

तमिळ घरं सगळी एकसारखी नसतात. तिरुनेलवेलीकडच्या घरात दोन भांडी चढतात, एक गोड आणि एक पांढऱ्या भाताचं. कोंगू भागातल्या, म्हणजे कोइंबतूर, ईरोडकडच्या घरात भोगीला दारावर पाल्याची जुडी बांधल्याशिवाय सण सुरू होत नाही. चेन्नईत वाढलेल्या तरुण जोडप्यानं कधी चूलच पेटवलेली नसते. सगळ्यांना एका बैठकीत बोलवा आणि एवढंच ठरवा : चूल पेटवण्याची वेळ एक, उतू गेल्यावरची हाक एक, बाकीच्या रीती ज्याच्या त्याच्या भांड्यापुरत्या. हे आधी ठरलं नाही तर ऐन सकाळी चुलीपाशी दोन आज्यांचा वाद होतो आणि दोघींचंही बरोबर असतं.

आमंत्रणाच्या मजकुराकडे मला खास लक्ष वेधायचंय. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, त्यामुळे ‘सुवासिनींनी यावे’ ही ओळ सवयीनं लिहिली जाते. ती लिहू नका. तमिळनाडूत ‘समत्तुव पोंगल’ म्हणजे समतेचा पोंगल कॉलेजांत आणि कचेऱ्यांत होतो, चर्चच्या आवारातही पोंगल शिजतो. पीक आणि सूर्य यांचे आभार मानायला जात, धर्म, नवरा हयात असणं यातलं काहीच लागत नाही. चुलीपाशी बसायचा मान द्यायचाच असेल तर तो वयानं सगळ्यात मोठ्या व्यक्तीला द्या.

परवानगीचं थोडक्यात. सोसायटीच्या आवारात असेल तर कमिटीचा लेखी ठराव घ्या. रस्त्यावर किंवा सार्वजनिक मैदानात असेल तर महापालिकेचं विभाग कार्यालय, पोलीस ठाणे आणि अग्निशमन केंद्र या तिन्ही ठिकाणी एक महिना आधी अर्ज द्या. लाउडस्पीकर लावणार असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच ठेवावा लागतो, आणि पहाटेच्या कामाला त्याची गरजही नसते.

3. जागा आणि चुलींची मांडणी (तीन आठवडे आधी)

गच्ची नको. तिथे वारा असतो, टाक्या असतात आणि उष्णतेनं वॉटरप्रूफिंग फाटतं. तळघरातल्या पार्किंगवरच्या पोडियम बागेलाही हेच लागू आहे. उघडं मातीचं किंवा सिमेंटचं आवार सगळ्यात चांगलं.

पेव्हर ब्लॉक, टाइल किंवा डांबर यांवर थेट चूल मांडू नका. ब्लॉक तडकतात, डांबर वितळतं. आधी चार बोटं जाडीचा वाळूचा थर, त्यावर विटांचा एक आडवा थर आणि त्यावर तीन विटांची चूल, अशी रचना करा. विटा कोरड्या हव्यात, कारण ओली वीट तापल्यावर फुटून तिचे कपचे उडतात.

चुलींची ओळ उत्तर-दक्षिण आखा. म्हणजे प्रत्येक रांधणारी व्यक्ती चुलीच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून बसते आणि कुणाचीही पाठ सूर्याकडे होत नाही. दोन चुलींत निदान सहा फूट अंतर ठेवा. मुंबईत जानेवारीच्या पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून येतो. तेव्हा धूर पश्चिमेला, बसणाऱ्यांच्या अंगावरच जातो. म्हणून लाकूड अगदी वाळलेलं घ्या आणि बघ्यांच्या खुर्च्या पश्चिमेला न मांडता ओळीच्या दोन्ही टोकांना मांडा. दमेकरी आणि तान्ही बाळं यांना पूर्वेच्या बाजूला, लांब बसवा.

किती चुली? चार-पाच घरांमागे एक. आठ चुलींच्या वर जाऊ नका, कारण प्रत्येक चुलीवर लक्ष ठेवायला एक जाणता माणूस लागतो.

*सावध :* लाकडाऐवजी गॅस वापरणार असाल तर घरचा सिलिंडर खाली आणू नका. अशा कार्यक्रमाला व्यावसायिक सिलिंडर लागतो. आणि नीट लक्षात घ्या, इथे दूध मुद्दाम उतू घालवायचं आहे. ते बर्नरवर सांडलं की ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. गॅसवर करताना एक माणूस फक्त नॉबपाशी हवा, त्यानं हाक ऐकताच गॅस बंद करायचा आणि बर्नर पुसून पुन्हा पेटवायचा.

*तपासा :* वाळूच्या चार बादल्या, पाण्याच्या चार बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडं हाताशी आहे का? ते चालवता येणारा माणूस कोण?

4. मडकी (दोन आठवडे आधी)

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पोंगल मातीच्या नव्या मडक्यात किंवा काशा-पितळेच्या भांड्यात करतात. पितळेचं असेल तर आतून ताजी कल्हई हवी. मातीचं घेणार असाल तर डिसेंबरमध्येच ऑर्डर द्या, कारण जानेवारीच्या सुरुवातीला कुंभार संक्रांतीच्या सुगडांत गुंतलेले असतात. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे किंवा तुमच्या गावच्या कुंभाराकडे ‘स्वयंपाकाचं मडकं’ असं स्पष्ट सांगा. पाण्याचा माठ मुद्दाम पाझरणारा केलेला असतो, तो चुलीवर टिकत नाही. बुड जाड आणि गोल, मान थोडी आवळलेली, काठ बाहेर वळलेला असं मडकं हवं. मान आवळलेली असली की फेस एकवटून वर चढतो. पसरट पातेल्यात तो पसरतो आणि उतू जायला फार वेळ लागतो.

बोटानं टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे.

*सावध :* हल्ली ऑइल पेंटनं रंगवलेली ‘पोंगल मडकी’ शोभेसाठी विकायला येतात. ती चुलीवर ठेवू नका. रंग जळतो, त्याचा वास भातात उतरतो आणि तो पोटात जाऊ नये असाच असतो. मडकं सजवायचं असेल तर तांदळाच्या पिठाची पेज, हळद आणि कुंकू एवढंच वापरा.

मडकं मुरवण्याचा क्रम असा :

पहिल्या दिवशी ते पूर्ण पाण्यात बुडवून चोवीस तास ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की माती पाणी प्यायली असं समजा. नंतर सावलीत वाळवा. पुढचे तीन दिवस त्यात तांदळाचं धुवण भरून ठेवा, रोज बदला. मग आतून-बाहेरून खोबरेल किंवा तिळाचं तेल चोळा आणि एक दिवस ठेवा. शेवटी मंद आचेवर धुवण उकळून घ्या. आच हळूहळू वाढवा आणि मडकं चुलीवरच गार होऊ द्या. या उकळीत जे मडकं पाझरेल ते बाजूला काढा. आठ चुलींसाठी दहा मडकी घ्या असं मी सांगते ते यासाठीच.

गरम मडक्यात गार पाणी ओतायचं नाही, गरम मडकं गार फरशीवर टेकवायचं नाही, आणि सांडशीनं काठ धरून उचलायचं नाही. मान तुटून उकळतं दूध पायांवर येतं. दोन माणसांनी जाड सुती फडक्यांत बुडाकडून धरायचं आणि गवताच्या किंवा कापडाच्या चुंबळीवर ठेवायचं.

5. सामान (एक आठवडा आधी यादी, दोन दिवस आधी खरेदी)

पाच लिटरच्या एका मडक्याचं गोड पोंगलचं, म्हणजे चक्करै पोंगलचं प्रमाण : तांदूळ 400 ग्रॅम, मूगडाळ 100 ग्रॅम, गूळ 600 ते 700 ग्रॅम, दूध 1 लिटर, साजूक तूप 150 ग्रॅम, मूठभर काजू-बेदाणे, वेलची, चिमूटभर जायफळ. यात सुमारे वीस वाट्या प्रसाद होतो. आठ मडक्यांना 3 किलो 200 ग्रॅम तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, सव्वापाच किलो गूळ, 8 लिटर दूध, सव्वा किलो तूप. म्हणजे दीडशे माणसांना पुरून उरतं.

तांदूळ कच्चा, म्हणजे न उकडलेला हवा. तमिळ दुकानात ‘पच्चरिसी’ मागा. नुसतं ‘पोन्नी’ म्हणाल तर इडलीचा-जेवणाचा उकडा तांदूळ हातात पडेल, तो गोळा होत नाही. सण नव्या पिकाचा आहे, तर आपल्याकडचा नवा आंबेमोहोर किंवा इंद्रायणीही उत्तम चालतो, तो छान मऊ होतो. बासमती नको. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे शिजवताना लक्षात ठेवा.

गूळ किसून, थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून ठेवा. गुळात बारीक खडे-वाळू असतेच, आणि दीडशे लोकांच्या दाताखाली ती आली तर पोंगल कितीही चांगला झाला तरी लोकांना कचकचच आठवते.

*सावध :* गोड पोंगलात खायचा कापूर, ‘पच्चै कर्पूरम’, घालायची रीत आहे. आरतीचा कापूर विषारी असतो. पुडीवर खाण्यायोग्य असं लिहिलेलं नसेल तर कापूर घालूच नका. लिहिलेलं असेल तर एका मडक्याला मोहरीच्या दाण्याएवढा पुरे.

पूजेचं सामान : पानांसह हळदीची ओली रोपं (प्रत्येक मडक्याला एक), आल्याचं रोप मिळालं तर तेही, ऊस, केळीची पानं, नारळ, विड्याची पानं, सुपारी, केळी, फुलं, समई. हळदीची रोपं पोंगलच्या आधीचे दोन-तीन दिवसच बाजारात दिसतात. मुंबईत माटुंगा स्टेशनबाहेरचा बाजार आणि धारावी ही भरवशाची ठिकाणं. सणाचा तमिळ ऊस जांभळट-काळपट असतो. तो नाही मिळाला तर आपला रसवंतीचा हिरवा ऊस घ्या, पण शेंड्याचा पाला राखून आणायला सांगा. पाला छाटलेला ऊस उभा केला तर नुसत्या काठ्या दिसतात.

भाजीसाठी लाल भोपळा, सुरण, रताळं, वालपापडी, कच्ची केळी. या सगळ्यांची चिंचेच्या कोळातली एकत्र आमटी पोंगलसोबत करतात. ती सोसायटीच्या स्वयंपाकघरात किंवा कुणाच्या घरी करा, चुलीवर नको. चुली फक्त पोंगलसाठी ठेवा.

6. भोगी : जाळायचं नाही, काढायचं

तमिळ भोगीला जुनंपानं जाळून टाकायची रीत आहे. चेन्नईत या धुरापायी 2018 मध्ये विमानांची उड्डाणं खोळंबली होती, आणि तिथलं प्रदूषण नियंत्रण मंडळ आता दरवर्षी धुराविना भोगीचं आवाहन करतं. शहरात कचरा उघड्यावर जाळणं कायद्यानंच बंद आहे. तेव्हा आवारात तीन खोकी ठेवा : कपडे, कागद-पुस्तकं, बिघडलेली विजेची उपकरणं. संध्याकाळपर्यंत ती देणगीला आणि रद्दीवाल्याकडे रवाना व्हायला हवीत, नाहीतर पोंगलच्या फोटोंत मागे तीच दिसतात. मुलांना छोटे ढोल द्या. चेन्नईत भोगीच्या पहाटे मुलं तेच बडवत फिरतात.

कोंगू भागातली कुटुंबं असतील तर कडुनिंब, तरवडाची पिवळी फुलं आणि ‘सिरुपीळै’ नावाची पांढऱ्या तुऱ्यांची रानवनस्पती यांची जुडी गेटवर बांधू द्या. महाराष्ट्रातली घरं या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात. 2026 सारखी तारीख पुढेमागे झाली नसेल, तर दुपारी एकत्र जेवण ठेवायला हा दिवस चांगला.

7. आदली संध्याकाळ आणि कोलम

वाळू, विटा, चुली आदल्या संध्याकाळीच मांडून घ्या. लाकडं झाकून ठेवा, पहाटेच्या दवानं ती ओली होतात. प्रत्येक चुलीपाशी एक परात : धुतलेले तांदूळ नव्हे, मोजलेले कोरडे तांदूळ, कोरडी भाजून घेतलेली डाळ, गुळाचं पाणी, तूप, लाकडी किंवा नारळाच्या करवंटीचं ओगराळं, दोन फडकी, चुंबळ, काडेपेटी. धातूचा उलथणा मातीच्या भांड्याला लागू देऊ नका.

कोलम, म्हणजे तमिळ पद्धतीची रांगोळी, पहाटे काढायचा. त्यासाठी आपली नेहमीची दगडाच्या भुकटीची रांगोळी घेऊ नका. तांदळाचं जाडसर पीठ घ्या, म्हणजे मुंग्या-चिमण्यांना खाता येतं. मोठ्या दिवशी भिजवलेले तांदूळ वाटून त्या पेजेत फडकं बुडवून ओला कोलमही काढतात, त्याला गेरूची किनार देतात. ओला कोलम वाळायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ धरा. आधी कोलम, मग त्यामागे चुली, असा क्रम ठेवा. चुलीच्या अगदी कडेला काढलेला कोलम सांडलेल्या दुधानं वाहून जातो.

कोलमची स्पर्धा याच पहाटे ठेवू नका. आधीच्या रविवारी घ्या. पोंगलच्या सकाळी बायका चुलीपाशी हव्यात, स्पर्धेत अडकलेल्या नकोत.

8. चूल पेटवण्यापासून उतू जाण्यापर्यंत

सूर्योदय सव्वासातला असेल तर क्रम असा.

साडेसहा : मडक्याच्या मानेला हळदीचं रोप सुती दोऱ्यानं बांधा. नायलॉनचा दोरा वितळतो. पानं वरच्या बाजूला राहू द्या, खाली लोंबली तर करपतात. मडक्याला हळद-कुंकू लावा. हळदीचा छोटा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, करून पानावर ठेवा. समई लावा. ऊस चुलीच्या मागे निदान तीन फूट अंतरावर उभे बांधा, चुलीवर तिकाटणं करू नका, वाळका पाला ठिणगी पटकन पकडतो.

पावणेसात : तांदूळ धुवा. पहिलं धुवण टाका, दुसरं राखा. मडक्यात हे दुसरं धुवण, पाणी आणि अर्धंच दूध घाला. मडकं काठाखाली दोन बोटं एवढं भरलेलं हवं. मग चूल पेटवा, आधी मंद, दहा मिनिटांनी मोठी.

लोकांचा अंदाज इथेच चुकतो. मडकं अर्धं भरलं तर फेस काठापर्यंत पोचत नाही. सगळं दूध सुरुवातीलाच घातलं तर बुडाला लागतं. नुसतं पाणी जास्त झालं तर उकळतं, पण उतू जात नाही. धुवणातल्या पिठुळपणामुळे फेस टिकतो, आणि पाणी सळसळू लागल्यावर उरलेलं दूध घातलं की तो झपकन वर येतो. ते उरलेलं दूध वेगळ्या भांड्यात कोमट करून ठेवा, गार ओतू नका. महाराष्ट्रात रथसप्तमीला गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवणाऱ्या घरांना हे हातखंडा येतं. तुमच्या सोसायटीत अशी कुणी आजी असेल तर तिला एका चुलीवर बसवाच.

चार लिटर पाणी लाकडाच्या चुलीवर उकळायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. फेस मानेत आला की सगळ्यांना जवळ बोलवा, मुलांना सहा फुटांवर थांबवा. काठावरून दूध सांडलं की सगळे मिळून ओरडतात, ‘पोंगलो पोंगल!’ बायका जीभ हलवून ‘कुलवै’ घालतात, शंख असेल तर वाजवतात. कुठल्या दिशेला सांडलं ते ज्येष्ठ मंडळी पाहतात, पूर्वेला सांडलं तर आनंद होतो. म्हणून मडकं मुद्दाम तिरकं ठेवणारेही भेटतात. तसं करू नका, तिरकं मडकं घसरतं.

आठ मडकी आठ वेगळ्या वेळी उतू जातील. ते तसंच होऊ द्या. प्रत्येक वेळी सगळ्यांनी मिळून हाक द्यायची. पाहुणे यायचे आहेत म्हणून आच कमी करून कुणाचंही मडकं अडवून ठेवू नका. या तासाभरात भाषणही ठेवू नका.

*सावध :* चुलीपाशी बसणाऱ्यांनी सुती कपडे घाला, पदर खोचा, केस बांधा. सिंथेटिक ओढणी इथे नको.

9. तांदूळ, मग गूळ : हा क्रम मोडू नका

उतू गेल्यावर ओगराळ्यानं लिटर-सव्वा लिटर गरम पाणी बाहेर काढून झाकून ठेवा. हे न करता तांदूळ घातले तर मडकं अर्धा तास सांडतच राहतं आणि चूल विझते. मग प्रत्येक घरातल्या एकानं एकेक ओंजळ तांदूळ सोडावेत. सामूहिक पोंगल खऱ्या अर्थानं इथे घडतो, तेव्हा घाई नको. डाळ तांदळाबरोबरच. आच मध्यम ठेवा, अधूनमधून तळापासून ढवळा आणि लागेल तसं बाजूला काढलेलं गरम पाणी परत घाला.

शीत दोन बोटांत दाबलं की पूर्ण पिठासारखं चिरडायला हवं. मधे कणी लागली तर थांबा. गूळ पडला की तांदूळ पुढे मऊ होत नाही, कितीही शिजवा. शिवाय मोठ्या आचेवर दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं. म्हणून भात पूर्ण मऊ, लाकडं ओढून आच अगदी कमी, आणि मग गाळलेलं गुळाचं पाणी, या क्रमानंच जा. दहा मिनिटं ढवळत राहा. तूप दोन-तीनदा थोडंथोडं सोडा, शेवटी तुपात तळलेले काजू-बेदाणे, वेलची, जायफळ. उतरवताना पोंगल थोडा सैल असू द्या, गार झाल्यावर तो घट्ट होतो.

पांढरा पोंगलही करणार असाल तर त्याचं मडकं वेगळं. हॉटेलात मिरी-जिरं-तुपाचा जो खारा पोंगल नाश्त्याला मिळतो, तो हा नव्हे. सणाला बऱ्याच घरांत पांढऱ्या पोंगलमध्ये फक्त तांदूळ, दूध-पाणी असतं आणि तो भाज्यांच्या आमटीबरोबर खातात.

10. नैवेद्य आणि पंगत

प्रत्येक मडक्यातलं थोडं केळीच्या पानावर घ्या, पान सूर्यासमोर ठेवा, नारळ फोडा, ओवाळा. दहा मिनिटांत हे आटपायला हवं, उपाशी मुलं ताटकळत असतात. त्यानंतर सगळ्या मडक्यांतला पोंगल एका मोठ्या पातेल्यात एकत्र करायचा की प्रत्येक मडक्यातला थोडाथोडा वाढायचा? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. प्रत्येक मडक्याची चव वेगळी असते आणि लोकांना ती चाखून बघायला आवडते. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांच्यासाठी पांढरा पोंगल आणि आमटी राखून ठेवा. केळीचं पान मांडताना निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. मराठी घरांनी तिळगूळ इथे वाटावा.

*तपासा :* वाढपी ठरले का? वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या बायका पहिल्या पंगतीत आहेत का?

11. खेळ

खेळ जेवणानंतर लगेच नको, संध्याकाळी चारनंतर ठेवा. उरियडी, म्हणजे डोळे बांधून काठीनं टांगलेलं मडकं फोडणं, सगळ्यांना आवडतं. त्यासाठी पंधरा फुटांचं दोरीचं रिंगण आखा आणि काठी हातात असेपर्यंत आत दुसरं कुणीही नको. मडक्यात पाणी आणि फुलं भरा, नाणी नकोत, मुलं खापरांवर झडप घालतात. रस्सीखेच, लिंबू-चमचा, कुम्मी (टाळ्या वाजवत धरायचा फेर), कोलाट्टम हे सोपे आहेत. कोलाट्टमला टिपऱ्या लागतात, त्या मराठी घरांतही सापडतील. सिलंबम काठीचा खेळ शिकलेल्या माणसाकडूनच करवा. जल्लीकट्टूची हौस म्हणून आवारात बैल आणायचा विचार कुणी मांडला तर तिथेच थांबवा. जनावर गर्दीत बिथरतं.

12. पुढचे दोन दिवस आणि आवराआवर

माट्टु पोंगल गाई-बैलांचा. शहरात ओळखीचा तबेला असेल तर सकाळी मालकाला विचारून चारा घेऊन जा. पोंगल, गूळ, उरलेला भात जनावरांना भरमसाट घालू नका, पोट फुगतं. याच सकाळी काही घरांतल्या बायका-मुली भावांसाठी ‘कनु पिडी’ ठेवतात. हळदीच्या पानावर पिवळ्या-लाल रंगाच्या भाताचे छोटे मुटके कावळ्यांसाठी मांडतात. आदल्या दिवशीची हळदीची पानं यासाठी जपून ठेवा, आणि याला गच्ची चालते.

काणुम पोंगलला चेन्नईत मरीना किनाऱ्यावर माणसांचा पूर लोटतो. तुम्ही जवळच्या बागेत डबे घेऊन जा : लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात. दहीभात सगळ्यात शेवटी उघडा, उन्हात तो आंबतो.

आवराआवर मात्र पोंगलच्याच दिवशी करायची. निखाऱ्यांवर पाणी ओतून ढवळा, पुन्हा ओता. वरून गार दिसणारी राख आत तासन् तास पेटती असते, म्हणून ती चोवीस तास पत्र्याच्या डब्यात ठेवून मगच बागेत किंवा ओल्या कचऱ्यात टाका, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. उसाचे चघळलेले चोयटे गोळा करायला वेगळा पिंप ठेवा, ते गटारात गेले तर तुंबतं. मडकी साबणानं धुऊ नका, माती साबण पिऊन ठेवते. गरम पाणी आणि काथ्यानं घासा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आणि ज्या घरांनी ज्या चुलीवर रांधलं त्यांच्याकडे एकेक मडकं द्या. डाळ-भातासाठी ती वर्षभर चालतात. हिशेबाचा कागद आठवड्याच्या आत नोटीस बोर्डावर लावा, आणि त्याच्याच खाली कुंभाराचा आणि लाकूडवाल्याचा नंबर लिहून ठेवा.